‘त्वरा करा’ लिहिण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. मधले हशे आणि माईकची कुरकुर वगळून, बाकी जवळजवळ जसेच्या तसे.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘जाहिरातीत प्रभावी शब्द कसे निवडावेत : ऑनलाइन आणि ऑफलाइन’. जेवणानंतरच्या सत्राला एवढा जड विषय का, तर त्याला कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मागच्या महिन्यात एकाच दिवशी तिथे दोन गोष्टी आल्या. आपल्या वर्गातली एक मैत्रीण मसाले करते, तिने विचारलं, “पाकिटावर काय छापलं की खपतं गं?” आणि त्याच संध्याकाळी शाळेने पहिलीच्या प्रवेशासाठी काढायच्या पत्रकाचा कच्चा मजकूर टाकला, “सूचना कळवाव्यात” असं म्हणून. मसाल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. पत्रकावर नुसते अंगठे आले. मी संयोजकांना म्हटलं, मला पत्रकावर बोलायचंय. ते म्हणाले, मसाल्यावरही बोल, नाहीतर लोक झोपतील.

आधी स्पष्ट करते, मी जाहिरात कंपनीत नाही. मी प्रोग्रॅम लिहिते. पण मोबाईलवर जे बटण तुम्ही दाबता त्या बटणावर दोन शब्द असतात, आणि ते दोन शब्द कोणते असावेत यावर आमच्याकडे तासन्‌तास बैठका होतात. शेवटी बैठकीत ठरत नाही तेव्हा आम्ही दोन्ही मजकूर ठेवतो. आलेल्या लोकांपैकी निम्म्यांना एक दाखवायचा, निम्म्यांना दुसरा, आणि कोणत्या बटणावर जास्त लोक पुढे गेले ते मोजायचं. याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. छापील पत्रकाच्या बाबतीत ही चैन नाही. एकदा पाच हजार प्रती छापून पेपरात टाकल्या की टाकल्या.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. जॅरेड स्पूल नावाच्या सल्लागाराने ती २००९ साली लिहिली. अमेरिकेतलं एक मोठं ऑनलाइन दुकान होतं. लोक वस्तू निवडायचे, पैसे द्यायला निघायचे, आणि मध्ये एक पाटी यायची : ‘लॉगिन करा’ किंवा ‘नोंदणी करा’. गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची. दुकानवाल्यांना वाटत होतं, नोंदणीने गिऱ्हाइकाचीच सोय होते, पुढच्या वेळी पत्ता पुन्हा भरावा लागणार नाही. गिऱ्हाइकाच्या मनात मात्र, मला वस्तू हवीय, तुमच्याशी नातं जोडायचं नाहीये. त्यांनी ‘नोंदणी करा’ काढून ‘पुढे चला’ लिहिलं आणि खाली एक साधं वाक्य टाकलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षातली जादा विक्री तीस कोटी डॉलर.

मला ही गोष्ट आवडते, कारण ‘पुढे चला’ या शब्दांत काहीच आकर्षक नाही. गिऱ्हाईक कशाला अडलंय ते कोणीतरी शोधलं आणि त्या जागी बोट ठेवलं, एवढंच.

आता जादूच्या शब्दांबद्दल, कारण मला माहीत आहे तुम्ही त्यासाठी बसलाय. बाजारात याद्या मिळतात : मोफत, नवीन, फक्त, आजच, खात्रीशीर, तुम्ही, कारण. यातल्या ‘कारण’ या शब्दामागे एक खराखुरा प्रयोग आहे. १९७८ साली एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या मशीनपाशी लोकांना मध्ये घुसू देण्याची विनंती करून पाहिली. “पाच पानं आहेत, मी आधी काढू का?” असं नुसतं विचारलं तर ६० टक्के लोक हो म्हणाले. “कारण मला घाई आहे” जोडलं तर ९४ टक्के. आणि “कारण मला झेरॉक्स काढायच्या आहेत” असं म्हटलं, ज्याला काही अर्थच नाही, सगळे त्यासाठीच उभे असतात, तरी ९३ टक्के.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि म्हणतात, बघा, ‘कारण’ लिहा, माल खपतो. पुढचा भाग कोणी सांगत नाही. त्यांनी हाच प्रयोग वीस पानांसाठी केला. तेव्हा पोकळ कारणाचा काहीही उपयोग झाला नाही. कारण न देता २४ टक्के, पोकळ कारण देऊन तेवढेच २४ टक्के. खरं कारण दिलं तेव्हा ४२.

मागणी लहान असेल तर माणूस शब्दांकडे फारसं लक्ष न देता हो म्हणतो. मोठी असेल तर थांबतो आणि ऐकतो. वीस रुपयांची चिक्की ‘नवीन’ म्हणून खपेल. पण पहिलीच्या प्रवेशाचं पत्रक आईबापांकडे काय मागतंय? त्यांचं मूल, दहा वर्षांसाठी. हे वीस पानांचं नाही, वीस हजार पानांचं काम आहे. तिथे यादीतले शब्द चालत नाहीत. याच्याकडे मी परत येणार आहे, पण आधी मसाला.

आपल्याकडे दुकानाच्या पाट्यांची परंपरा मोठी. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी तुम्ही सगळ्यांनी वाचली आहे आणि हसला आहात. माझ्या मते मराठीतली ती सर्वांत हुशार जाहिरात आहे. एकच दुकान असणं हा खरं म्हणजे कमीपणा. त्याचंच या पाटीने भांडवल केलं : हीच चव दुसरीकडे मिळणार नाही, आणि मिळते असं कोणी म्हणालं तर तो खोटा. शिवाय वाक्य खरं आहे.

याउलट ‘घरगुती’. हा शब्द एकेकाळी दारावरच्या खडूने लिहिलेल्या पाटीवर असायचा, ‘येथे घरगुती पापड मिळतील’, आणि आत गेलं की काकू पापड लाटतच बसलेल्या असायच्या. आता कारखान्यातल्या पाकिटावरही ‘घरगुती’ असतं. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ यांचीही हीच गत. शेवटी सरकारला यात पडावं लागलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ असे शब्द कधी वापरता येतील याच्या अटी घातल्या आहेत. २०२४ मध्ये त्यांनी ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्दही वेष्टनावरून काढायला सांगितले, कारण डब्यात बहुतेक पाणीच आणि त्यात घट्ट केलेला रस कालवलेला. तेव्हा मसालेवाल्या बाईसाहेब, एक तर नियम वाचा. आणि दुसरं, ‘अस्सल घरगुती’ ऐवजी तुला जे माहीत आहे ते लिही. मिरची कोणती, ब्याडगी किती आणि लवंगी किती, कांदा उन्हात वाळवलाय की तळलाय, दळला कधी. तारीख ठळक छाप. ‘ताजा’ हा शब्द छापायला पैसे लागतात, तारीख तशीही छापावीच लागते.

चवीबद्दलही एक प्रयोग आहे, आपल्यातल्या शाकाहाऱ्यांची क्षमा मागून सांगते. १९८८ साली दोन अमेरिकी संशोधकांनी एकाच खिम्याला दोन लेबलं लावली : ‘७५ टक्के चरबीविरहित’ आणि ‘२५ टक्के चरबी’. माल तोच, आकडाही तोच, पण पहिल्या लेबलाचा लोकांना चांगला वाटला. हे अपेक्षितच. मजा अशी की खिमा चाखल्यावर तो फरक कमी झाला. शब्द गिऱ्हाइकाला पहिलं पाकीट घ्यायला लावतात. दुसरं पाकीट मसाल्यावर अवलंबून.

मोबाईलवरच्या मराठीबद्दल मला राग आहे, तो इथे मराठीच्या बाई बसल्यात म्हणून काढून घेते. ‘कृपया वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा.’ कोण बोलतं असं? ‘दहा आकडी मोबाईल नंबर लिहा’ म्हणावं, संपलं. मुळात हे मराठी नसतंच, इंग्रजी वाक्यावर चढवलेलं मराठी असतं. कधी कधी ते धोक्याचंही असतं. तिकीट रद्द करायच्या पडद्यावर दोन बटणं येतात, एकावर ‘रद्द करा’ आणि दुसऱ्यावर ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ म्हणजे तिकीट रद्द करा की रद्द करणं रद्द करा? ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’ असं लिहिलं तर माझ्या सासूबाईंनाही कळेल आणि मलाही.

आणि गंमत म्हणजे सोपं मराठी स्वस्तही पडतं. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थी’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, यंत्राला ती दहा. ‘मुलं’ चार. ‘प्रवेशप्रक्रिया प्रारंभ झाली आहे’ म्हणजे बत्तीस. ‘प्रवेश सुरू’ म्हणजे अकरा. सत्तरच्या पुढे गेलात की दोन एसएमएसचे पैसे. बाई, तुम्ही निबंधात आमचे अवजड शब्द लाल शाईने खोडायच्या तेव्हा हा हिशेब तुम्हाला ठाऊक होता की काय!

आता थोडं अप्रिय. बटणावरच्या शब्दांनी मदत करता येते तशी फसवणूकही करता येते, आणि मोजमाप दोन्हींना सारखंच शाबासकी देतं. ‘फक्त २ शिल्लक!’, गोदामात दोनशे असताना. उलटं मोजणारं घड्याळ, जे पान पुन्हा उघडलं की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होतं. विमा नको असेल तर ‘नाही, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’ असं बटण. अशा क्लृप्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई त्यात आहे, लाजवून हो म्हणायला लावणं आहे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आहे. एका बैठकीत आमच्या एका ग्राहक कंपनीने असं घड्याळ मागितलं होतं. मी विचारलं, घड्याळ शून्यावर आल्यावर काय होणार? समोरचे म्हणाले, काही नाही. मग आमच्या टीमने ते लावलं नाही. त्यांनी बहुधा दुसऱ्या कोणाकडून लावून घेतलं असेल.

सर, बाई, हे मी खास तुमच्यासाठी सांगते आहे, कारण हेच शब्द घेऊन चोर तुमच्या फोनवर येतात. ‘आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा.’ हा मेसेज २०२२ मध्ये महाराष्ट्रभर फिरला आणि लोकांची खाती रिकामी झाली. त्यात अधिकार आहे, भीती आहे, वेळ ठरवून दिलेली आहे आणि काय करायचं ते एका ओळीत सांगितलंय. जाहिरात म्हणून पाहिलं तर उत्तम जाहिरात. ‘डिजिटल अरेस्ट’ हेही नुसते दोन शब्द आहेत, आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. जो मजकूर तुम्हाला विचार करायला, घरच्यांना विचारायला वेळ देत नाही, त्यातले बाकीचे शब्द वाचूच नका. फोन ठेवा आणि आमच्यापैकी कोणालाही लावा. रात्री लावलात तरी चालेल. आणि एक खूण : २०२५ पासून जाहिरातीचा एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी ‘पी’ हे इंग्रजी अक्षर येतं, सरकारीच्या शेवटी ‘जी’. वीज तोडणारे ते मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून येत होते.

आता पत्रक. मी त्याची प्रत आणली आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी प्रेमाने लिहिलंय, आणि मेच्या उन्हात घरोघर फिरणारे शिक्षकही तेच आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा हे विद्यार्थिनीने बाईंची वही तपासणं समजू नका.

वरची ओळ : ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचे एकमेव केंद्र’. खाली ‘तज्ज्ञ व अनुभवी शिक्षकवृंद’, ‘भव्य क्रीडांगण’, ‘सुसज्ज प्रयोगशाळा’, ‘संस्कारक्षम वातावरण’, ‘सेमी-इंग्रजीची सोय’. सगळ्यात खाली लाल चौकटीत : ‘मर्यादित जागा! त्वरा करा!’

मी एक केलं. आपल्या भागातल्या दुसऱ्या दोन शाळांची पत्रकं मिळवली आणि तिन्हींवरची शाळांची नावं झाकून घरी दाखवली. कोणती आपली, कोणालाच ओळखता आली नाही. मला स्वतःलाही क्रीडांगणाच्या फोटोतल्या वडामुळे कळली. त्या वडाबद्दल पत्रकात एक शब्द नाही.

आणि ती लाल चौकट. पहिलीच्या वर्गात बाकं रिकामी आहेत, गावाला ते माहीत आहे. पत्रक ज्या आईच्या हातात पडेल तिच्या शेजारणीचं मूल कदाचित त्याच वर्गात आहे. ‘मर्यादित जागा’ हे वाक्य तिने खोटं म्हणून ओळखलं की वरच्या पाच ओळीही तिच्यासाठी तशाच होतात. आत्ता तेरा प्रकारांत सांगितली ती खोटी घाई हीच.

पण वर्गात मुलं कमी असणं हे आपलं ‘आमची कोठेही शाखा नाही’ होऊ शकतं. यंदा पहिलीत एकोणीस मुलं आहेत. सकाळी मी पहिलीच्या बाईंना विचारलं, रोज प्रत्येकाचं वाचन ऐकता का? त्या म्हणाल्या, “ऐकते की. साठ होती तेव्हा आठवड्यातून एकदा जमायचं.” मग हेच लिहा ना! ‘पहिलीत १९ मुलं आहेत. प्रत्येकाचं वाचन बाई रोज ऐकतात.’ साठ मुलांच्या शाळेला हे वाक्य लिहिता येणार नाही.

‘सेमी-इंग्रजीची सोय’ या ओळीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, कारण आईबाप नेमके तिथे अडलेले असतात. बस स्टॉपवर, पार्लरमध्ये, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर मराठी शाळेचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो : पुढे इंग्रजीचं काय? त्यांना सेमी म्हणजे नक्की काय हे माहीत नसतं. ‘सोय’ म्हटलं की तर जास्तच शंका येते, सोय म्हणजे अर्धवट काहीतरी. गणित कोणत्या इयत्तेपासून इंग्रजीतून, विज्ञान कोणत्या इयत्तेपासून, इंग्रजीचे आठवड्याला किती तास, आणि अकरावीला गेल्यावर पहिल्या सहामाहीत मुलांना काय जड गेलं, ते लिहा. हो, जड गेलं तेही लिहा. मला डिप्लोमाला नाही, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जड गेलं होतं, सगळी व्याख्यानं इंग्रजीत. सहा-आठ महिने लागले. हे लपवून ‘उज्ज्वल भवितव्य’ लिहिलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मातृभाषेबद्दल काय म्हणतं हे मधल्या परिच्छेदात आलंय, ते काढा. धोरण वाचून कोणी मूल घालत नाही.

चौकात फ्लेक्स लावणार असाल तर यातलं काहीच नको. सिग्नलला थांबलेला माणूस पाच-सहा शब्द वाचतो. शाळेचं नाव, ‘पहिलीचे प्रवेश सुरू’, फोन नंबर, आणि वडाचा फोटो. पुढाऱ्यांचे फोटो लावायचे असतील तर वडाला जागा उरणार नाही, ते तुम्ही ठरवा. रिक्षाच्या भोंग्यावर वार आणि वेळ सांगा : ‘शनिवारी सकाळी शाळा बघायला या, वर्ग चालू असेल.’ चालू वर्ग बघायला बोलावणं हे कोणत्याही विशेषणापेक्षा मोठं आहे, बाईंची तयारी असेल तर. सकाळी विचारलंय, आहे म्हणाल्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकुरापेक्षा पाठवणारा मोठा. म्हणून कृपा करून एकच छापाचा मेसेज आपण शंभर जणांनी फॉरवर्ड करू नये. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या, पाच-सहा वर्षांचं मूल असलेल्या दोन घरांना स्वतःच्या शब्दांत तीन ओळी लिहाव्यात : मी इथे शिकलो, आज हे करतो, आणि इथली एक गोष्ट जी मला अजून उपयोगी पडते. ज्याने मुलांना इंग्रजी शाळेत घातलंय त्यानेही लिहावं, का घातलं तेही लिहावं. माझी मुलगीही इंग्रजी माध्यमात आहे, मी हे लपवणार नाही. आमच्या भागात चालत जाता येईल अशी मराठी शाळा उरली नव्हती. आपल्या गावात अजून आहे, म्हणून तर हे सगळं चाललंय.

पत्रकाची ती पहिली ओळ मी बदलून आणलेली नाही. ती इथल्या बाईंनी आणि सरांनीच लिहावी. माझ्याकडे फक्त एक चाळणी आहे : लिहिलेलं वाक्य शेजारच्या शाळेच्या पत्रकावर तसंच्या तसं चिकटवता आलं तर ते खोडायचं.

चहाच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं ठेवली आहेत. तीन ओळी लिहून पहिलीच्या बाईंकडे द्या, त्यातल्या दहा-बारा पत्रकाच्या मागच्या बाजूला छापू, नाव आणि बॅचचं वर्ष टाकून. ‘उज्ज्वल’ आणि ‘सर्वांगीण’ असलेल्या चिठ्ठ्या मराठीच्या बाईंकडे जातील. त्यांनी लाल पेन आणलंय.